शांतिब्रह्म एकनाथ महाराज आणि त्यांचे चिरंजीव हरिपंडित



दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिकेच्या मंडळींनी मला नाथ महाराजांचं चरित्र लिहायला सांगितलं, आणि वर अट घातली की अभंग, ओवी एकही घालायची नाही, सरळ चरित्र सांगा. कीर्तनकाराला प्रमाण न देता बोल म्हणणं म्हणजे टाळाविना भजन करण्यासारखं आहे. पण मंडळींचा शब्द मोडवत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. बाकीचं शिक्षण फडावर आणि वाटेवर झालं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण इसवी सन १५३३ च्या सुमाराचा. घराणं मोठं. पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरच्या राजानं पांडुरंगाची मूर्ती आपल्या राजधानीत नेली होती, ती भानुदासांनी परत पंढरीला आणली अशी परंपरा आहे. आज आपण ज्या पायांवर डोकं ठेवतो त्यात या घराण्याचं देणं आहे, हे वारकऱ्यानं विसरू नये. भानुदासांचे चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाईंच्या पोटी एकनाथ. लेकरू मूळ नक्षत्रावर जन्मलं म्हणतात, आणि थोड्याच दिवसांत आईबाप दोघंही गेले. आपल्याकडं असं झालं तर लोक काय बोलतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पायगुण वाईट म्हणतात, तोंड बघत नाहीत. पण चक्रपाणी आजोबांनी आणि आजीनं हे लेकरू उराशी धरून वाढवलं. ज्याला सगळ्यांनी अभागी म्हणावं असं पोर त्या दोन म्हाताऱ्यांनी टाकलं नाही, म्हणून आपल्याला नाथ मिळाले.

बाराएक वर्षांचे असताना नाथ घरी न सांगता देवगिरीला गेले. तिथं किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडं होता. स्वामी मूळचे चाळीसगावचे, दत्तभक्त. नोकरी मुसलमान राजाची आणि भक्ती दत्ताची, दोन्ही चोख. गुरुवारी किल्ल्याच्या कामाला सुट्टी असायची असं सांगतात. या गुरूंनी पोराला पहिल्यांदा डोळे मिटून बसायला नाही, हिशेब लिहायला बसवलं. एका पैचा मेळ लागेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या उलटीत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. स्वामी म्हणाले, एवढी लगन देवाकडं लागली तर काय होईल. मला या गोष्टीत पैचंच महत्त्व वाटतं. पै दुसऱ्याची होती. दुसऱ्याच्या पैची ज्याला झोप येत नाही त्याच्याच हाती परमार्थ द्यावा, हे गुरूंनी बरोबर ओळखलं.

गुरूंनी पुढं नाथांना संन्यास दिला नाही. घरी जा, लग्न कर, आजीआजोबांना सांभाळ असं सांगितलं. नाथ पैठणला आले, गिरिजाबाईंशी लग्न झालं. संसार जन्मभर केला. दोन मुली आणि एक मुलगा. मुलीच्या पोटी पुढं मुक्तेश्वर हे थोर कवी झाले. मुलगा म्हणजे हरिपंडित. त्यांच्याकडं मी पुढं येणार आहे, कारण मला खरं त्यांच्याविषयीच सांगायचं आहे.

नाथांचा दिवस कसा जायचा? पहाटे उठून गंगास्नान (आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात), मग पूजा, भागवत, दुपारी आलेल्यागेलेल्यांना जेवण, तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री कीर्तन. पुराण मराठीत. ज्याला संस्कृत येत नाही त्यानं देवाचं बोलणं ऐकायचंच नाही का, हा त्यांचा प्रश्न. म्हणून भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका लिहायला घेतली. पहिले पाच अध्याय पैठणला झाले. त्याची नक्कल काशीला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी गहजब केला, की देवभाषेतलं ज्ञान बाजारात मांडणारा हा कोण. नाथांना बोलावणं आलं. नाथ गेले. भांडायला नाही, पोथी घेऊन गेले. तिथं राहूनच बाकीचे अध्याय लिहिले आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीतच ग्रंथ पुरा केला. एकतीस अध्याय, अठरा हजारांच्या वर ओव्या. ज्यांनी नावं ठेवली त्यांनीच पुढं ग्रंथाची मिरवणूक काढली असं परंपरा सांगते.

नाथांचं दुसरं मोठं काम ज्ञानेश्वरीचं. माउलींना समाधी घेऊन तीनशे वर्षं होत आली होती. हातानं नकला करता करता ओव्या बदलल्या, कुणी आपल्या पदरच्या घुसडल्या. जुन्या बियाण्यात भेसळ झाली म्हणजे जसं पीक ओळखू येत नाही तशी गत. नाथांनी प्रती गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. आज पारायणाला आपण जी ज्ञानेश्वरी लावतो तिच्यामागं नाथांची ही मेहनत आहे. त्यात स्वतःची ओवी घालायचा मोह एवढ्या मोठ्या कवीला झाला नाही. उलट पुढं कुणी तसं करू नये असं बजावून ठेवलं. भारुडं तर गावोगाव आहेत. वाघ्या, जोशी, गोंधळी, महार, विंचू चावलेला माणूस, सगळ्यांच्या तोंडी त्यांनी परमार्थ घातला. ज्यांना गावात कुणी बोलू देत नव्हतं त्यांना नाथांच्या भारुडात बोलायला मिळालं.

आता कथा. नाथांच्या कथा महिपतीबुवा ताहराबादकरांनी नाथांच्या नंतर दीडदोनशे वर्षांनी लिहिल्या, त्याआधी त्या लोकांच्या तोंडी होत्या. कावडीतलं गंगेचं पाणी रामेश्वरी न घालता तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवलं. गंगेवरून येताना एक यवन पुन्हा पुन्हा अंगावर थुंकला, तितक्या वेळा नाथ पुन्हा स्नान करून आले, शेवटी तोच पायावर पडला. या गोष्टी लहान पोरांनासुद्धा पाठ आहेत, त्यांचा विस्तार करीत नाही.

श्राद्धाची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहिली पाहिजे. पितरांचं श्राद्ध होतं. घरात स्वयंपाक झालेला, ब्राह्मण यायचे होते. वाड्यामागून महारांची काही माणसं चालली होती, पोरंबाळं बरोबर. त्यांना अन्नाचा वास आला. एक जण म्हणाला, असं अन्न आपल्या नशिबी कुठलं. नाथांनी ते ऐकलं. गिरिजाबाईंना विचारलं, आणि त्या माउलीनं एका शब्दात होकार दिला. सगळं अन्न त्या लोकांना वाढलं. नंतर ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला, पण ब्राह्मण जेवायला येईनात. गावानं बहिष्कार टाकला. पुढं पितरच पानावर येऊन जेवले असं कथेत आहे.

त्याच्यापुढचा भाग कीर्तनात फारसा कुणी सांगत नाही. गावच्या पंडितांनी नाथांना प्रायश्चित्त घ्यायला लावलं, आणि नाथांनी ते घेतलं. गोदेच्या काठी बसून सांगितलं तो विधी केला. वाद घातला नाही. आमच्या गावातल्या एका तरुण पोरानं मला सप्त्यात विचारलं, की महाराज, चूक केली नव्हती तर प्रायश्चित्त का घेतलं? हे भित्रेपण नाही का? प्रश्न रास्त आहे. मी त्याला म्हणालो, बाबा, जेवण झालं होतं. जे पोटात गेलं ते कुणाला परत काढता येणार होतं? नाथांनी असंही कबूल केलं नाही, की पुन्हा वाढणार नाही. अंगावर घेतला तो स्वतःचा कमीपणा. दुसऱ्याच्या तोंडचा घास माघारी घेतला नाही. आणि कथा असं सांगते की प्रायश्चित्त चाललेलं असतानाच त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण विचारत विचारत तिथं आला, त्या जेवणाचं पुण्य मागायला. त्याला तसा दृष्टांत झाला होता. नाथांनी ते पुण्य त्याच्या हातावर पाणी सोडून दिलं आणि तो बरा झाला. म्हणजे पापाचं प्रायश्चित्त आणि पुण्याचं दान एकाच घाटावर, एकाच जेवणाचं.

ही एवढी गोष्ट मनात धरून आता हरिपंडितांकडं या.

काशीच्या पंडितांना पटलं, गावालाही हळूहळू पटायला लागलं, पण घरच्या पोराला पटेना. हरिपंडित मोठे विद्वान. संस्कृताचं अध्ययन दांडगं, आचार कडक. त्यांना बापाच्या दोन गोष्टी सोसत नव्हत्या. एक, मराठीत पुराण सांगणं. दुसरी, कुणाच्याही घरी जाऊन परान्न घेणं. आपला बाप एवढा ज्ञानी असून कमी प्रतीची भाषा धरतो आणि आचार सांभाळत नाही, याची त्यांना लाज वाटायची. हरिपंडित वाईट नव्हते. व्यसनी नव्हते, लबाड नव्हते. शास्त्रावर श्रद्धा होती आणि बापाचं चुकतंय असं त्यांना मनापासून वाटत होतं. पोरगं वाया गेलं तर बाप रागावू तरी शकतो. पोरगं धर्माच्याच नावानं बापापुढं उभं राहिलं तर बापानं काय करावं?

शेवटी हरिपंडित घर सोडून काशीला निघून गेले.

काही वर्षं गेली. गिरिजाबाईंच्या मनाची कल्पना आयाबायांनी करावी. मग नाथ स्वतः काशीला गेले पोराला आणायला. ज्या काशीत त्यांचा ग्रंथ मिरवला होता तिथं आता ते याचक होऊन गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या. यापुढं मराठीत पुराण सांगायचं नाही. आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

इथं मी स्वतः बरीच वर्षं अडखळत आलोय. ज्या मराठीसाठी काशीच्या विद्वानांपुढं गेले ती पोरासाठी सोडली? मग ज्यांना संस्कृत येत नाही त्यांचं काय? काही बुवा सांगतात की नाथांना पुढचं सगळं ठाऊक होतं, म्हणून कबूल केलं. मला ते पटत नाही. पुढचं ठाऊक असलं तर मग त्या कबूल करण्यात त्याग तो काय राहिला? मला वाटतं त्यांनी आसन सोडलं. पुराण सांगणं हा त्यांचा मान होता, व्यासपीठ त्यांचं होतं, ते त्यांनी पोराला दिलं. ग्रंथ तर लिहून झालेला होता, लोकांच्या घरी गेलेला होता, त्यातली एक ओवीही त्यांनी मागं घेतली नाही. आपल्यात बापाला पंचाहत्तरी झाली तरी सातबारा सुटत नाही. दिंडीतसुद्धा वीणा कुणाच्या गळ्यात यावरून काय काय होतं ते इथं लिहीत नाही.

पैठणला आल्यावर पुराण हरिपंडित सांगू लागले. शुद्ध संस्कृत, अर्थ पक्का. नाथ समोर श्रोत्यांत येऊन बसायचे. पहिल्या दिवशी वाडा भरलेला. मग माणसं कमी होऊ लागली. बाया उठल्या, शेतकरी उठले, मग बाकीचेही. कुणाला कळेना काय चाललंय. सांगणारा चुकत नव्हता, पण ऐकणाऱ्याला त्याच्यातून न्यायला काही मिळत नव्हतं. नाथ रोज येऊन बसायचे. पोराला बोलले नाहीत, लोकांनाही बोलले नाहीत. मी नाथांना शांतिब्रह्म म्हणतो ते यवनाच्या गोष्टीवरून नाही, या दिवसांवरून म्हणतो. परका थुंकला तर अंग धुऊन मोकळं होता येतं. आपलंच लेकरू आपल्या जागेवर बसून आपली माणसं घालवतंय आणि आपण रोज समोर बसून ऐकायचं, हे फार अवघड आहे.

अशात पैठणातली एक गरीब बाई नाथांकडं आली. तिच्या नवऱ्याचा सहस्रभोजनाचा संकल्प होता. नवरा गेला, पैसाही गेला, संकल्प राहिला. कुणीतरी तिला सांगितलं, की एक खरा ब्रह्मज्ञानी जेवला तर हजार जेवल्याचं फळ आहे. तिनं पदर पसरला, महाराज, तुम्ही माझ्या घरी जेवा.

आता आली पंचाईत. जावं तर पोराला दिलेला शब्द मोडतो. न जावं तर त्या बाईनं कुठं जायचं? तिच्यापाशी एका माणसापुरताच शिधा होता. नाथांनी हरिपंडितांना सांगितलं, तू स्वतः तिच्या घरी जाऊन सोवळ्यात स्वयंपाक कर. तुझ्या हातचं मी जेवीन, म्हणजे परान्न होणार नाही. शब्दही राहिला आणि बाईही माघारी गेली नाही. मला या युक्तीचं फार नवल वाटतं. पोराला हरवायचं असतं तर नाथ सरळ जाऊन जेवले असते. त्यांनी त्याला त्या घरात धाडलं. पोथीतून कधी न उठणारा पंडित एका विधवेच्या चुलीपुढं बसला. फुंकणी घेतली असेल, धूर डोळ्यांत गेला असेल, डब्यातलं पीठ किती आहे ते पाहिलं असेल. तिनं हा संकल्प किती दिवस उशाशी ठेवून काढला ते त्या घरात त्यांना दिसलं असणार. हे महिपतीबुवांनी लिहिलेलं नाही, पण चूल काही आपोआप पेटत नाही.

नाथ जेवले. उठताना हरिपंडितांना म्हणाले, माझी पत्रावळ तूच उचल. बापाचं उष्टं काढायला कडक पंडितानं वाकून हात घातला. पत्रावळ उचलली तर खाली दुसरी. ती उचलली तर तिसरी. मोजता मोजता हजार झाल्या. बाईचा संकल्प पुरा झाला. लोक या चमत्कारावर टाळ्या वाजवतात, वाजवाव्यात. मी तरुण कीर्तनकारांना एवढंच सांगतो, की पहिल्या पत्रावळीपाशी जरा थांबा. दुसरी निघण्याच्या आधी. हरिपंडित वाकले ते तिथं, चमत्कार अजून झाला नव्हता.

त्या दिवशी हरिपंडितांनी दोन्ही अटी सोडल्या आणि नाथांचं पाय धरून पुन्हा मराठीत पुराण सांगायला विनवलं. वाडा पुन्हा भरू लागला.

नाथांनी म्हातारपणी भावार्थ रामायण लिहायला घेतलं. युद्धकांडाच्या मध्याशी आले आणि काळ जवळ आला. उरलेलं काम गावबाकडं दिलं. गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीनं नाथांच्या वाड्यात राहिलेलं पोर, ज्याला लोक वेडसर म्हणायचे. घरात एवढा विद्वान मुलगा असून ग्रंथ गावबानं पुरा केला, आणि त्यावर हरिपंडितांनी काही तक्रार केल्याचं कुठं सांगितलेलं नाही.

शके १५२१, इसवी सन १५९९, फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. गुरू जनार्दनस्वामींच्या समाधीची तिथीही तीच. आज त्याच तिथीला पैठणला नाथषष्ठी भरते, लाखो माणसं येतात. वाड्यातला रांजण भरला जातो, ज्यात श्रीखंड्याच्या रूपानं देवानं बारा वर्षं पाणी वाहिलं. वर धरण झालं त्याच्या जलाशयालाही सरकारनं नाथसागर असं नाव दिलं. गाढवाला पाणी पाजणाऱ्याचं नाव पाण्याला दिलं, हे सरकारनं चांगलं केलं. टेलच्या शेतकऱ्याला ते पाणी कधी पोचतं हा वेगळा विषय आहे.

नाथांच्या पश्चात पादुका पालखीत घालून पंढरीला न्यायला सुरुवात केली ती हरिपंडितांनी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून पालखी निघते. वाटेत गावोगाव ज्याच्या त्याच्या घरचं वाढलेलं जेवण होतं, आणि कीर्तन मराठीत होतं.